निपाणीची बिडी, घरखातं आणि ‘कामगार कोण’चा जुना वाद

२०२५ मध्ये कर्नाटकाने ॲपवरून काम करणाऱ्यांसाठी कल्याण कायदा केला आणि बेळगावातही प्रश्न निघाला, डिलिव्हरीवाला पोरगा कंपनीचा माणूस की स्वतःच्या मर्जीचा मालक? निपाणी-चिकोडीकडच्या माणसाला हा वाद नवा नाही. इथे तो बिडीवरून दोन पिढ्या चालला. कोर्टात निकाल कधी इकडे लागला, कधी तिकडे, आणि दर वेळी काम थोडं आणखी घराच्या आत सरकलं.

तंबाखू या शिवारात कशी रुजली, वखारी कशा उठल्या, हे इकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो, मग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलो. सीमावादावरच्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये निपाणी महाराष्ट्राला द्यावी असं सुचवलं, तेही कागदावरच राहिलं. बिडीपुरता याचा अर्थ एवढाच की वळणाऱ्या बायका बहुतेक मराठी बोलणाऱ्या, ऊठबस कोल्हापूरकडे आणि हजार बिड्यांची किमान मजुरी ठरणार बंगळुरात.

खरी गाठ पडली ती सिन्नरच्या एका खटल्यात. तिथल्या कारखान्यात बसून बिडी वळणाऱ्या एका कामगाराला चार दिवसांच्या रजेचे पैसे मिळाले नाहीत, म्हणून फॅक्टरी कायद्याखाली खटला झाला. रक्कम किरकोळ होती, पण प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६१ मध्ये बहुमताने ठरलं की हा माणूस कायद्याच्या अर्थाने कामगारच नाही. कारणं वाचण्यासारखी आहेत. तो हवा तेव्हा येतो, हवा तेव्हा उठतो. दिवसाला अमुक बिड्या झाल्याच पाहिजेत असं बंधन नाही. दहा दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहणार असेल तर कळवायचं, तेही परवानगीसाठी नव्हे. वळताना डोक्यावर कुणी उभं नसतं. संध्याकाळी माल तपासून खराब बिडी बाजूला काढतात, पण तेवढ्याने देखरेख ठरत नाही.

जेमतेम वर्षभर आधी याच न्यायालयाने नागपूरकडच्या बिडी कामगारांना कामगार मानलं होतं. मजुरी नगावर, काम तेच. तिथे मात्र हजेरी लागायची आणि दुपारनंतर आलेल्याला त्या दिवशी काम मिळत नसे. म्हणजे शिस्त कडक असेल तर हक्क आणि ढिली असेल तर काहीच नाही. हा धडा कामगारांच्या आधी मालकांनी वाचला असं माझं मत आहे. नियम जितके कमी, तितकी जबाबदारी कमी, आणि सगळ्यात कमी नियम लागतात ते काम बाईच्या घरी पाठवल्यावर. पानं आणि जर्दा द्यायचा, बिडी घ्यायची. हे घरखातं, म्हणजे घरी बसून बिडी वळायची पद्धत, आधीपासून होतं, आता त्याला कोर्टाचा आधार मिळाला.

ही भगदाडं बुजवायला १९६६ चा बिडी कामगार कायदा आला. त्यात घरी वळणारीलाही कामगार म्हटलं, कारखान्याला परवाना लावला, पगारी रजा दिली. पण कायदा कधी लागू करायचा हे राज्यावर सोडलं. केरळाने तो आधी लावला. मंगळुरातल्या एका बड्या मालकाने केरळातले कारखाने बंद करून काम आपल्याकडच्या राज्यात ओढलं आणि कण्णूर भागातले हजारो कामगार घरी बसले. पुढे १९६९ मध्ये त्यांनी सहकारी संस्था काढली आणि ती चांगली चाललीही, पण तो वेगळा विषय. सीमेवर राहणाऱ्यांनी यातून एवढं टिपून ठेवावं की तंबाखू आणि पानं पोत्यात भरून रातोरात हद्द ओलांडू शकतात. निपाणीहून महाराष्ट्रातलं कागल ते किती लांब!

याच कायद्यात ४३ वं कलम आहे. आपल्या राहत्या घरात, घरच्या माणसांना हाताशी धरून बिडी करणाऱ्याला कायदा लागू नाही, फक्त तो कुणा मालकाचा कामगार नसावा. हेतू भला होता, गरीब घरावर इन्स्पेक्टर सोडायचा नव्हता. पण मग ठेकेदाराने एवढंच करायचं की पानं आणि जर्दा दिला असं न लिहिता विकला असं लिहायचं आणि तयार बिडी विकत घेतली असं दाखवायचं. बाई एका रात्रीत उत्पादक झाली. बालमजुरीच्या १९८६ च्या मूळ कायद्यातही हेच होतं. बिडीच्या कामाला पोरं लावायला बंदी, पण घरच्या कामात घरच्या पोरांना सूट होती. काम घरात गेल्यावर शाळेतून आलेली पोरगी दोरा बांधायला बसणारच.

१९७४ मध्ये १९६६ चा बिडी कायदा सर्वोच्च न्यायालयात टिकला. १९७७ पासून बिडीधंद्याला प्रॉव्हिडंट फंड लागला, मालक पुन्हा कोर्टात गेले आणि १९८५ मध्ये न्यायालयाने घरी वळणारीला फंडाचा हक्क आहे असं सांगितलं. आधार कशाचा, तर छाटीचा. माल नाकारायचा अधिकार मालकाकडे आहे, तीच देखरेख. चोवीस वर्षांपूर्वी जे पुरेसं नव्हतं, ते आता पुरेसं झालं.

छाट म्हणजे काय हे ज्याने पाहिलंय त्याला या निकालाचं नवल वाटत नाही. संध्याकाळी बायका सूप घेऊन रांगेत बसतात. ठेकेदार पंचवीसचा कट्टा उचलतो, अंगठ्याने दाबतो, तोंडाकडची घडी बघतो आणि दोन-चार बिड्या बाजूला टाकतो. त्यांची मजुरी नाही आणि त्या परतही मिळत नाहीत. पानं फाटकी निघाली तरी दिलेल्या वजनाच्या हिशेबाने बिडी भरलीच पाहिजे, कमी पडली तर बाईने बाजारातून पानं आणायची. कुणी डोक्यावर उभं नसतं हे खरंच, गरजही नसते.

निकालाची दुसरी बाजू लॉगबुकात, म्हणजे बाईच्या नावाने कामाची नोंद ठेवणाऱ्या वहीत दिसते. फंड आणि रजा लॉगबुकावर चालते, म्हणून लॉगबुकं कमी निघू लागली. एका घरात सासू, सून आणि लेक तिघी वळणार, नोंद एकीच्या नावावर. बाकीच्यांचा माल खरेदी-विक्रीच्या खात्यात जाणार. ज्या संघटनांनी निपाणीत वखारीतल्या बायकांना एकत्र आणलं, त्यांनाही घराघरांत विखुरलेल्या बायका गाठणं जड गेलं. वखारीच्या दारात मोर्चा नेता येतो, पन्नास गल्ल्यांत कसा नेणार?

अलीकडचं थोडक्यात. बिडीवरचा कल्याण उपकर १९७६ च्या कायद्याने आला होता. दवाखाने, शिष्यवृत्त्या, घरकुलं त्यातून चालत. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि उपकर गेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशभर नव्या कामगार संहिता लागू झाल्या, १९६६ चा कायदा त्यात विरला, पण राहत्या घराची सूट तिथेही शिल्लक आहे. कर्नाटकाच्या ॲपवाल्या कायद्याने मात्र शहाणपण केलं. कामगार की मालक या वादात न पडता प्रत्येक व्यवहारात माणसाला मिळणाऱ्या रकमेवर १ ते ५ टक्के शुल्क कंपनीकडून घ्यायचं ठरवलं. हा कायदा राज्यापुरताच आहे, आणि कोगनोळी नाक्यापलीकडे महाराष्ट्र सुरू होतो.

बिडी वळणारी या कायद्यात बसत नाही, कारण तिच्या कामाला ॲप नाही. तिचा पुरावा अजून लॉगबुक आणि फंडाचा नंबर. त्यावर लग्नाआधीचं, माहेरचं नाव. आधारवर सासरचं. ते जुळवण्यासाठी निपाणीहून बेळगावला खेटे घालावे लागतात, आणि त्या दिवसाची मजुरी बुडते.