नाटक आणि परफॉर्मन्स : झाडीपट्टीच्या प्रेक्षकासाठी

चित्रकला शिकायला शहरात गेलेला पोरगा सुट्टीत गावी येतो, मोबाइलवर एखाद्या परफॉर्मन्सचा, म्हणजे कलावंताने स्वतःच्या शरीरानिशी केलेली कृती हीच जिथे कलाकृती असते अशा प्रकाराचा, व्हिडिओ दाखवतो आणि ओसरीवरून हमखास शेरा येतो, "हे तं नाटकच होय ना गा!" शेरा अडाणीपणाचा मुळीच नाही. माणूस आहे, पोशाख आहे, बघणारे आहेत, मग वेगळं काय? झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत, धान घरात आलं की ज्यांच्या रात्री मंडपात जातात, त्यांना नाटक म्हणजे काय हे कुणी सांगायला नको. म्हणूनच हा फरक त्यांना शहरी रसिकापेक्षा लवकर समजेल, असं मला वाटतं.

नेहमीच्या दोन-तीन खुणा आधी निकालात काढू. मंच असला की नाटक, हे खरं नाही. दंडार हे इथलं लोकनाट्य चौकातही होतं आणि परफॉर्मन्स सभागृहातल्या मंचावरही झालेले आहेत. संवाद असले की नाटक, हेही तसंच टिकत नाही. एकदाच होतो तो परफॉर्मन्स, हेही टिकत नाही. त्याचा पुरावा पुढे येतोच.

खरी गोम वेळेत आहे.

झाडीपट्टीचं नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं. पहिल्या अंकात बाप पोराला घराबाहेर काढतो. पडदा पडतो, ऑर्गन-तबल्यावर एक लावणी होते, पडदा उघडतो तेव्हा पोरगा फौजदार होऊन उभा. मधली वीस वर्षं प्रेक्षकाने शेंगा सोलता सोलता मान्य करून टाकलेली असतात. बापाचे केस पिकलेत, कारण आत कुणीतरी पांढरी पावडर लावली. विंगेतून प्रॉम्प्टर पुढचं वाक्य पुरवतो, मारामारीतलं रक्त रंगाचं असतं आणि दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावात तोच बाप त्याच पोराला पुन्हा हाकलतो. गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांच्या नावावर 5,000 हून जास्त प्रयोग आणि 800 भूमिका होत्या. म्हणजे हा माणूस 800 वेळा दुसराच कुणीतरी झाला. नटाचं कसब ते हेच.

आता तेचिंग शियेकडे बघा. तैवानमध्ये जन्मलेल्या या कलावंताने 1980 च्या एप्रिलपासून न्यूयॉर्कमध्ये वर्षभर दर तासाला, दिवसा आणि रात्री, कारखान्यातल्यासारख्या घड्याळात हजेरीचं कार्ड टोचलं. रोजगार हमीचं मस्टर बरं म्हणायचं, रात्री निदान झोपू तरी देतं. 8,760 हजेऱ्यांपैकी 133 चुकल्या आणि त्याही नोंदवून ठेवल्या. सुरुवातीला त्याने डोक्याचा गोटा केला होता. प्रत्येक हजेरीला कॅमेऱ्याने एक फ्रेम टिपली, त्यांची मिळून साधारण सहा मिनिटांची फिल्म होते. तीत गोट्यावर केस येतात, वाढतात, खांद्यापर्यंत पोचतात. नाटकात एवढं दाखवायला एक टोप पुरला असता. इथे केस वाढायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागू दिला आणि ते लागू देणं हीच कलाकृती.

कापडाचंही असंच. झाडीपट्टीत कपडे ट्रंकेतून येतात, पहाटे ट्रंकेत जातात, कुणी फाडले तर मालक कुरकुरतो. जपानी कलावंत योको ओनोने 1964 मध्ये क्योटोला ‘कट पीस’ केला तेव्हा ती मंचावर गप्प बसली, पुढ्यात कात्री ठेवली. प्रेक्षकांनी एकेक करून यायचं आणि तिच्या अंगावरच्या कपड्याचा तुकडा कापून न्यायचा. कुणी बाहीचा कोपरा कापतो, कुणी पार गळ्याशी हात घालतो. आपला प्रेक्षक शिट्टी मारतो, बक्षीस देतो, पण फौजदार झालेल्या पोराला पुन्हा चोर करू शकत नाही. ओनोपुढे गेलेल्याला मात्र किती कापायचं ते स्वतःच ठरवावं लागतं आणि ते सगळ्यांसमक्ष. हाच परफॉर्मन्स तिने 2003 मध्ये पॅरिसला सत्तरीत पुन्हा केला. एकदाच होण्याची अट खोटी ठरते ती इथे. कृती तीच, पण बसणारं शरीर चाळीसेक वर्षांनी म्हातारं झालेलं, तेही पावडरीशिवाय.

भारतात रुमाना हुसेन यांचं नाव आधी घ्यायला हवं. त्या मूळच्या चित्रकार. 1992 च्या डिसेंबरात बाबरी मशीद पाडली गेली, त्यानंतर कॅनव्हास त्यांना अपुरा वाटू लागला आणि त्या मांडणशिल्पाकडे, परफॉर्मन्सकडे वळल्या. 1995 मध्ये मुंबईत कापलेली पपई हातात धरून, तोंड उघडं ठेवून, आवाज न काढता त्या लोकांमधून चालल्या. गोष्ट नाही, दुसरा अंक नाही.

पैशाचा हिशेबही निराळा. आपला नट ‘नाईट’, म्हणजे एका रात्रीच्या प्रयोगाचे पैसे, घेतो, मंडळ तिकिटावर चालतं. परफॉर्मन्समध्ये बहुधा मागे उरलेलं विकलं जातं : फोटो, व्हिडिओ, कापड, चित्र.

नाटक आणि परफॉर्मन्सच्या मध्येच लटकणारेही आहेत, निखिल चोप्रा त्यातले ठळक. त्यांचा योगराज चित्रकार हे चक्क पात्र आहे, त्यांच्या चित्रकार आजोबांवरून बेतलेलं. पोशाख, रंगरंगोटी, सगळं नाटकासारखं. पण 2019 च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ते नऊ दिवस मुक्कामाला राहिले, रूपं बदलत आणि मोठ्या कॅनव्हासवर चित्र काढत. पात्र खोटं, नऊ दिवस खरे. मी त्यांना परफॉर्मन्सच्या बाजूला धरतो.

आणि आपला बहुरूपी? खाकी चढवून दारात येतो, वॉरंट असल्याचा दम देतो, घरातली म्हातारी क्षणभर खरोखर हबकते. मंच नाही, तिकीट नाही, भीती अस्सल. तरी मी त्याला नाटकाकडेच ढकलीन, कारण पुढच्या दारातही तोच दम आणि तीच वही निघते. एखाद्या घरी त्याला खरंच पोलीस समजून कुणी कोंबडं कापून जेवू घातलं, तर त्या घरापुरतं माझं मत बदलायला मी तयार आहे.