राज्याची सीमा ओलांडताच मोडणारं लग्न

अमेरिकेत लग्नाचा कायदा केंद्राचा नाही, राज्यांचा. वयाची अट, नात्यातल्या लग्नाच्या मर्यादा, लग्नाआधी काढायच्या लायसन्सची (परवान्याची) मुदत, घटस्फोटासाठी किती दिवसांचं वास्तव्य हवं, हे प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. मुंबईत नोंदवलेलं लग्न बेंगळुरूत अवैध ठरू शकतं, ही कल्पनाही आपल्याला विचित्र वाटेल. पण अमेरिकेतल्या समलिंगी जोडप्यांनी २००४ ते २०१५ अशी अकरा वर्षं नेमका हाच प्रकार सोसला.

पहिला मोठा खटला मिनेसोटातला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये दोन पुरुषांना लायसन्स नाकारणं योग्य ठरवलं. प्रकरण वॉशिंग्टनला, देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा यात केंद्रीय न्यायालयाने दखल घ्यावी असा प्रश्नच नाही, असं एका ओळीत सांगून १९७२ मध्ये ते निकाली काढण्यात आलं. कारणमीमांसा शून्य, तरीही हीच ओळ पुढे चाळीस वर्षं विरोधी वकिलांच्या कामी आली.

खरी खळबळ उडाली ती हवाईमुळे. असं लायसन्स नाकारणं हा लिंगभेद दिसतो, सरकारने त्याचं समर्थन करून दाखवावं, असं तिथल्या न्यायालयाने १९९३ मध्ये म्हटलं. त्या निकालावर एकही लग्न लागलं नाही. मात्र हवाईत लग्न करून परतलेल्या जोडप्यांना आपल्यालाही मान्यता द्यावी लागेल, या धास्तीपोटी इतर राज्यांतून दबाव आला आणि काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, १९९६ मध्ये ‘डोमा’ (डिफेन्स ऑफ मॅरेज ॲक्ट) कायदा केला. त्यातली दोन कलमं महत्त्वाची : दुसऱ्या राज्यातलं असं लग्न मानण्याची सक्ती कुठल्याही राज्यावर नाही, आणि केंद्राच्या लेखी लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री.

मॅसॅच्युसेट्समध्ये १७ मे २००४ पासून समलिंगी लग्नं लागू लागली. बाहेरच्या जोडप्यांना अडवायला तिथे १९१३ चा एक विस्मृतीत गेलेला कायदा बाहेर काढला गेला : तुमच्या राज्यात अवैध ठरणारं लग्न इथे लागणार नाही. तो रद्द व्हायला २००८ उजाडलं. दरम्यान नोव्हेंबर २००४ मध्ये एकाच दिवशी अकरा राज्यांच्या मतदारांनी अशा लग्नांवरची बंदी थेट आपापल्या राज्याच्या घटनेत घातली. साधा कायदा विधिमंडळ बदलू शकतं; घटनेतली ओळ काढायला बहुतेक ठिकाणी पुन्हा मतदारांकडेच जावं लागतं. बंदी घालणाऱ्यांना हे पक्कं माहीत होतं.

कॅलिफोर्नियाने सगळ्यात जास्त हेलकावे खाल्ले. मे २००८ मध्ये न्यायालयाने परवानगी दिली, जूनमध्ये लग्नं सुरू झाली, नोव्हेंबरमध्ये ‘प्रपोझिशन ८’ या सार्वमताने ती थांबवली. मधल्या काळात झालेली सुमारे १८ हजार लग्नं २००९ मध्ये वैध ठरली. म्हणजे एकाच गल्लीत ऑक्टोबरचं जोडपं विवाहित आणि डिसेंबरचं अविवाहित!

२६ जून २०१३ ला सर्वोच्च न्यायालयात ‘विंडसर’ खटल्यात डोमाची केंद्रीय व्याख्या कोसळली. एडिथ विंडसर यांनी टोरंटोत लग्न केलं होतं. पत्नीच्या मृत्यूनंतर त्यांना ३,६३,०५३ डॉलर वारसा कर भरावा लागला. पत्नीऐवजी पती असता तर तो लागलाच नसता. पण राज्यांच्या बंदीला या निकालाने हात लावला नाही, आणि खरा गोंधळ इथून सुरू झाला. इमिग्रेशन आणि आयकर खातं लग्न कुठे लागलं ते पाहू लागलं. त्यामुळे टेक्सासमध्ये एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या मराठी मुलालाही न्यूयॉर्कला जाऊन लग्न करता आलं (लायसन्सनंतर २४ तास थांबायचं, ६० दिवसांच्या आत विधी उरकायचा) आणि जोडीदारासाठी एच-४ हा अवलंबितांचा व्हिसा मागता आला. सोशल सिक्युरिटी ही केंद्राची पेन्शन योजना मात्र राहतं राज्य पाहायची, म्हणून टेक्सासमध्ये जोडीदाराची पेन्शन अडायची. कॅन्ससमधलं जोडपं केंद्राचं रिटर्न एकत्र भरे, राज्याचं वेगवेगळं. त्यासाठी तेच आकडे दोघांत वाटून पुन्हा हिशेब मांडायचा. घटस्फोटाची कोंडी तर याहून वाईट. घरचं राज्य लग्नच मानत नाही, मग मोडणार काय? आणि जिथे लग्न लागलं, तिथे बहुधा वास्तव्याची अट आडवी येई.

नोव्हेंबर २०१४ मध्ये सहाव्या सर्किटच्या (केंद्रीय न्यायव्यवस्थेतला काही राज्यांचा विभाग) अपील न्यायालयाने मिशिगन, ओहायो, केंटकी आणि टेनेसीच्या बंद्या उचलून धरल्या. आधार पुन्हा १९७२ च्या त्या ओळीचा. इतर सर्किटनी उलट निकाल दिले होते, त्यामुळे सर्वोच्च न्यायालयाला प्रकरण टाळता येईना. ओहायोचे जेम्स ओबरगेफेल आजारी जोडीदाराला वैद्यकीय विमानाने मेरीलँडला घेऊन गेले होते आणि धावपट्टीवरच, विमानात, लग्न लावून परतले होते. मृत्यूच्या दाखल्यावर जोडीदार म्हणून आपलं नाव असावं, एवढीच त्यांची मागणी. २६ जून २०१५ ला ५ विरुद्ध ४ मतांनी सर्व राज्यांतली बंदी उठली.

उठली, म्हणजे निष्प्रभ झाली. मजकूर जागेवरच राहिला. नेवाडाने २०२० मध्ये, तर कॅलिफोर्निया, कोलोरॅडो आणि हवाईने २०२४ मध्ये मतदान घेऊन आपापल्या घटनेतल्या ओळी काढल्या. डिसेंबर २०२२ च्या ‘रिस्पेक्ट फॉर मॅरेज’ कायद्याने डोमा पुरता रद्द झाला, पण लायसन्स देण्याची सक्ती हा कायदा करत नाही. दुसऱ्या राज्यात वैध ठरलेलं लग्न मानण्याची करतो. उद्या २०१५ चा निकाल फिरलाच, तर टेक्सासमध्ये नवं लायसन्स मिळणं थांबू शकेल; न्यूयॉर्कला लग्न करून आलेल्या जोडप्याला मात्र टेक्सासला नाकारता येणार नाही.