पानांवरील बुरशीजन्य रोग (नाशिक परिसर)

बुरशी पानाच्या पेशींत शिरून किंवा पृष्ठभागावर पसरून अन्न शोषते, तेव्हा पानावर डाग, भुकटी, पुळ्या वा करपलेले चट्टे उमटतात. अशा विकारांना पानांवरील बुरशीजन्य रोग म्हणतात. हिरवा भाग घटला की अन्न कमी तयार होते, पाने अकाली गळतात आणि दाणा, घड, कांदा किंवा चारा यांचे वजन व प्रत दोन्ही उतरतात. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस इगतपुरीला वर्षाकाठी ३००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडे येवला-नांदगावच्या बाजूला तो ५०० मि.मी.च्या आसपास असतो. त्यामुळे भातावरचा करपा आणि बाजरीवरचा गोसावी (केवड्याचेच कणसावर दिसणारे रूप) हे दोन्ही रोग एकाच जिल्ह्यात आढळतात. मात्र एकूण पावसापेक्षा पान सलग किती तास ओले राहिले, यावर बहुतेक बुरशींचा शिरकाव ठरतो; पावसाविना केवळ रात्रीच्या दहिवरानेही रोग भडकतो तो यामुळेच.

शेतकऱ्यांनी या रोगांना डोळ्यांना दिसते त्यावरून नावे दिली आहेत. ती नेमकी असली तरी कारण सांगत नाहीत. भात, कांदा, टोमॅटो, केळी आणि द्राक्ष या सर्वांवर ‘करपा’ येतो, परंतु प्रत्येक ठिकाणी रोगकारक निराळा असतो. टोमॅटोवर तर लवकर येणारा करपा अल्टरनेरियामुळे आणि उशिरा येणारा फायटॉप्थोरामुळे होतो. एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. ‘केवडा’ या नावाने अधिक घोटाळा होतो. द्राक्ष व बाजरीवरचा केवडा बुरशीसदृश सूक्ष्मजीवामुळे येतो, तर भेंडीवरचा केवडा विषाणूमुळे होतो आणि पांढरी माशी तो पसरवते. भेंडीच्या केवड्यावर बुरशीनाशक फवारणे म्हणजे निव्वळ पैसा वाया घालवणे होय.

जिल्ह्यात सर्वाधिक धास्ती द्राक्षावरील केवड्याची, म्हणजे बागायतदारांच्या बोलण्यातल्या ‘डाऊनी’ची असते. प्लाझ्मोपॅरा व्हिटिकोला हा त्याचा रोगकारक काटेकोर अर्थाने बुरशी नसून शैवालांना जवळच्या ऊमायसीट गटातला आहे. ओल्या पानावर त्याचे चलबीजाणू पाण्याच्या थरात पोहत जाऊन पर्णरंध्रातून आत शिरतात. द्राक्षाची पर्णरंध्रे पानाच्या खालच्या बाजूस असतात. म्हणून वरच्या बाजूला पिवळसर तेलकट डाग दिसतो, पण पांढरी लव त्याच्या बरोबर खाली उगवते. ही लव दमट हवेत, अंधारात, रात्री धरते. डाग डाऊनीचाच आहे का याची शंका असल्यास पान ओलसर कागदासह प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवावे. सकाळी डागाखाली पांढरी लव आली तर निदान पक्के झाले. निफाड-दिंडोरीकडे फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते आणि पोंगा (डोळा फुटून कोंब निघण्याची अवस्था) ते फुलोरा हा कोवळा काळ परतीच्या पावसात सापडतो. कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यातील अगाप, म्हणजे लवकर छाटल्या जाणाऱ्या, बागांची छाटणी तर ऐन पावसाळ्यात होत असल्याने तेथे धोका आणखी वाढतो. फुलोऱ्यात घडावर डाऊनी आल्यास घड वाळून गळतो आणि त्या हंगामापुरते ते नुकसान भरून निघत नाही.

या रोगावरचा जुना उपाय म्हणजे बोर्डो मिश्रण. केवडा अमेरिकेतून फ्रान्समध्ये पोहोचल्याची नोंद १८७८ मध्ये झाली. चोरांनी द्राक्षे खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडलेला होता आणि त्याच वेलींची पाने शाबूत राहिली, हे बोर्डो येथील प्राध्यापक मिलार्दे यांनी १८८२ मध्ये हेरले. १८८५ मध्ये त्यांनी हा उपाय प्रसिद्ध केला. एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी लागते. दोन्ही द्रावणे प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत करून मग एकत्र ढवळतात. तयार मिश्रणात स्वच्छ लोखंडी सळई किंवा विळा बुडवल्यावर त्यावर तांबूस थर चढला, तर मोरचूद मोकळा राहिला आहे असे समजून आणखी चुन्याची निवळी घालावी लागते. तसे न केल्यास पाने भाजतात. मिश्रण त्याच दिवशी वापरावे लागते. बोर्डो पानावर राहून संरक्षण करते, आत शिरलेला रोग बरा करत नाही. आंतरप्रवाही औषधे आतही काम करतात, पण एकाच गटातले औषध सलग फवारल्यास रोगकारक त्याला दाद देईनासा होतो. बगलफुटी काढून वेलीच्या पसाऱ्यात हवा खेळती ठेवली, तर पाने लवकर सुकतात आणि फवारण्याही वाचतात. या कामाकडे मजुरीच्या कारणाने दुर्लक्ष होते, ते महागात पडते.

भुरीची, म्हणजे पानावर पांढरी भुकटी धरणाऱ्या रोगाची, गोष्ट उलटी आहे. तिला पानावर पाण्याचा थर लागत नाही. ढगाळ, दमट पण बिनपावसाच्या दिवसांत ती पसरते. तिच्यासाठी गंधक वापरतात.

कांद्याच्या पातीवरील जांभळा करपा अल्टरनेरिया पोरी या बुरशीमुळे होतो. पातीवर लांबट, खोलगट, मध्यभागी जांभळे चट्टे पडतात, पात तेथून मोडते आणि कांदा पोसत नाही. फुलकिड्यांनी खरवडलेल्या पातीत बुरशीला वाट सोपी होते. कांद्याची पात मेणचट असल्यामुळे औषधात चिकटद्रव्य न मिसळल्यास फवारा थेंबाथेंबाने ओघळून जातो.

बाजरीवरील गोसावी स्क्लेरोस्पोरा ग्रॅमिनिकोलामुळे होतो. कणसाच्या जागी जटांसारखा हिरव्या पानांचा झुपका येतो. १९७०च्या दशकाच्या आरंभी देशभर पेरल्या जाणाऱ्या सुरुवातीच्या संकरित वाणांना त्याने मोठा तडाखा दिला आणि तेव्हापासून वाण निवडताना रोगप्रतिकारकतेला मान मिळाला. गव्हावरील तांबेऱ्याच्या पुळीवरून बोट फिरवले तर ते विटकरी होते. द्वीपकल्पात हा रोग निलगिरी व पळणीच्या डोंगरांवरून वाऱ्यासोबत येतो, हे वनस्पतिरोगतज्ज्ञ के. सी. मेहता यांच्या संशोधनातून पुढे आले. निफाडच्या कृषी संशोधन केंद्रातून निघालेल्या गहू वाणांच्या नावांत निफाडची खूण म्हणून ‘एनआय’ ही अक्षरे असतात.

गवतांच्या रोगांकडे सहसा कोणी पाहत नाही, कारण कुरणातल्या मारवेल किंवा कुसळीचा बाजारभाव छापून येत नाही. वास्तविक तांबेरा व पानांवरील ठिपके यांमुळे चाऱ्यातील पोषणमूल्य व पचनीयता घटते आणि जनावरे असा चारा निवडून टाकतात. हत्तीगवतावर हेल्मिंथोस्पोरियम गटातील बुरशींचे तपकिरी ठिपके पडतात. ज्वारीवर तांबेरा व पानांवरील करपा जास्त झाला तर कडब्याची प्रत जाते. कुरणात फवारणी परवडत नाही आणि फवारलेला चारा ठरावीक दिवस घालताही येत नाही. म्हणून फुलोऱ्यापूर्वी, पुळ्या वाढण्याच्या आत कापणी करणे आणि लागवडीसाठी निरोगी ठोंब निवडणे हेच दोन मार्ग उरतात.