फॉस्फेट शून्य आलं म्हणून खूश होऊ नका

रीफ टँकच्या, म्हणजे प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या, काचेवर शेवाळ धरलं की बहुतेकांचा हात आधी जातो तो फॉस्फेट शोषणाऱ्या आयर्न ऑक्साइडच्या दाण्यांकडे. डब्यावर लिहिलेत तेवढे दाणे एकदम पाणी आरपार फिरवणाऱ्या नळकांड्यात, म्हणजे रिअ‍ॅक्टरमध्ये, आणि थोड्याच दिवसांत चाचणी शून्य. शेवाळ खरंच हटतं. मग वाळूवर तपकिरी, शेंबडासारखा थर येतो. दुपारपर्यंत त्यात बुडबुडे अडकतात, रात्री तो विरळ होतो. हे डायनोफ्लॅजेलेट्स, एकपेशीय सूक्ष्मजीव. उपाशी टाकीत त्यांना स्पर्धकच उरत नाही. झोअँथिड, म्हणजे प्रवाळांचे मऊ नातलग, तेही फिके पडतात, कारण त्यांच्या पेशींतल्या शैवालाला नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतोच.

नायट्रेट 5 ते 10 पीपीएम (दशलक्षात भाग), फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम असू द्या. मोजताना एक घोळ नेहमीचा: खिशात मावणारे काही डिजिटल चेकर फॉस्फेट नव्हे, फॉस्फरस दाखवतात, तोही पीपीबीमध्ये (अब्जात भाग). 20 आकडा आला तर 3.07 ने गुणून 1000 ने भागा. फॉस्फेट 0.06, म्हणजे हात लावायची गरजच नाही.

खरा साठा पाण्यात नसतो, दगडात असतो. कॅल्शियम कार्बोनेट फॉस्फेट धरून ठेवतं आणि पाण्यातलं उतरलं की हळूहळू सोडतं. म्हणून दाणे काढले की आकडा पुन्हा वर. निम्मेच दाणे घ्या, लाल पाणी जाईपर्यंत धुवा आणि आठवड्याला फॉस्फेट 0.03 पीपीएमपेक्षा जास्त उतरू देऊ नका. नुसतं पाणी बदलून फार साधत नाही: नायट्रेट 20 असेल तर 10 टक्के बदलल्यावरही 18 उरतं.

गोव्यात समुद्र दाराशी, म्हणून मिरामारहून कॅन भरून आणायचा मोह होतो. तिथे मांडवीचं मुख आहे. पावसाळ्यात क्षारता कोसळते. मुखापासून लांब गेलात तरी त्या महिन्यांत खोलातलं पोषकांनी भरलेलं पाणी किनाऱ्याकडे वर येतं. टाकीसाठीचं समुद्री मीठ कालवूनच पाणी करा. त्यासाठी स्वयंपाकघरातल्या आरओ फिल्टरचं पाणी मात्र नको, चवीसाठी त्यात बहुधा थोडं कच्चं पाणी मिसळलेलं असतं. डीआय रेझिन (उरलेले क्षार धरणारे दाणे) जोडून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, शून्यावर आणा. शून्य हवं ते इथे. आणि गोव्याजवळच्या ग्रँड आयलंड बेटावरचा प्रवाळाचा दगड उचलायचा विचारही नको, कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

नायट्रेट शून्यावर अडकलं असेल तर 200 लिटरला 0.55 ग्रॅम सोडियम नायट्रेट 2 पीपीएम वाढवतं. विरघळवून प्रवाहात ओता, दुसऱ्या दिवशी मोजा, मगच पुढचा डोस. फॉस्फेट वाढवायला दाणे काढून ठेवा, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) रात्री बंद ठेवा आणि माशांचं खाद्य थोडं वाढवा.