मूळ नक्षत्रातलं कृष्णविवर आणि आकाशगंगेचा दांडा

गेल्या महिन्यात नौपाड्यातल्या आमच्या ओळखीच्या घरात ठरत आलेलं लग्न मोडलं. मुलगी मूळ नक्षत्रावरची, म्हणजे सासऱ्याच्या मुळावर येणार, हे जुनंच कारण. या वेळी त्याला नवी पुस्ती होती: "आता सायन्सही सांगतं, मूळ नक्षत्रात मोठं ब्लॅक होल आहे, सगळं गिळतं ते." हे ऐकल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही. वाक्यातला अर्धा भाग खरा आहे, म्हणूनच ते जास्त घातक आहे.

आपल्या आकाशगंगेचं केंद्र मूळ नक्षत्राच्याच दिशेला येतं. तिथे सूर्याच्या सुमारे 43 लाख पट वस्तुमानाचं कृष्णविवर आहे, सॅजिटेरियस ए स्टार. 2022 मध्ये त्याची प्रतिमाही प्रसिद्ध झाली. पण ते जवळजवळ 27 हजार प्रकाशवर्षं दूर आहे. सूर्य आपल्याला जेवढा ओढतो त्या ओढीचे 60 हजार कोटी भाग केले, तर या कृष्णविवराची ओढ त्यातल्या एका भागाहूनही कमी भरते. एवढ्यावर एका मुलीचं लग्न मोडायचं?

आणि ते 'गिळणं'. एस 2 नावाचा तारा या कृष्णविवराभोवती 16 वर्षांत एक फेरी मारतो. अशा ताऱ्यांच्या कक्षा वर्षानुवर्षं मोजूनच राइनहार्ड गेंझेल आणि अँड्रिया गेझ यांना 2020 च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. 2018 मध्ये एस 2 कृष्णविवराच्या सर्वांत जवळून, म्हणजे पृथ्वी आणि सूर्य यांच्यातल्या अंतराच्या सुमारे 120 पट अंतरावरून, सेकंदाला 7 हजार किलोमीटरहून जास्त वेगाने गेला आणि पुढच्या फेरीला लागला. कृष्णविवरात पडणं मुळात फार अवघड आहे. मग ते एवढं मोठं झालं कसं?

अडसर असतो कोनीय संवेगाचा. केंद्राभोवती फिरणाऱ्या वायूला आत जायचं तर आपला फिरण्याचा जोर कुणाला तरी द्यावा लागतो. तो नष्ट होत नाही, हात बदलतो. नीट वर्तुळात फिरणाऱ्या तबकडीत तो घ्यायला कुणी पुढे येत नाही. पण आपली आकाशगंगा नुसती सर्पिल नाही. तिच्या मध्यातून ताऱ्यांचा एक लांबट दांडा गेला आहे आणि तो अखंड काठीसारखा साधारण 15 कोटी वर्षांत एकदा फिरतो. आपल्या परिसरातल्या सर्पिल दीर्घिकांपैकी सुमारे दोन तृतीयांशांत असा दांडा दिसतो.

दांड्यातले तारे लांबोळक्या कक्षांत फिरतात. त्या कक्षा एकमेकींना छेदल्या तरी बिघडत नाही, ताऱ्यांमध्ये जागा अफाट असते. वायूला ही मुभा नाही, त्याचे दोन प्रवाह समोरासमोर आले की आदळतातच. घोडबंदर रोडवर मोकळ्या पट्ट्यातून सुसाट आलेल्या गाड्या पुढच्या रांगेचं शेपूट दिसताच करकचून ब्रेक मारतात ना, तसा वायू अचानक मंदावतो आणि दाटतो. ही दाटी होते दांड्याच्या फिरण्याच्या दिशेने पुढच्या कडेला. एनजीसी 1300 या दांडा असलेल्या दीर्घिकेच्या, हबल दुर्बिणीने टिपलेल्या छायाचित्रात दांड्यावरून गेलेल्या धुळीच्या दोन काळ्या रेघा दिसतात, त्या याच.

आता माझा सर्वांत आवडता भाग. दाटलेला वायू दांड्याच्या किंचित पुढे, त्यामुळे दांड्यातल्या ताऱ्यांचं गुरुत्वाकर्षण त्याला सतत मागे खेचतं. वायूचा कोनीय संवेग दांड्याकडे जातो आणि वायू त्या काळ्या रेघेवरून केंद्राकडे घसरतो. आपल्याकडे दरवर्षी साधारण एका सूर्याइतका वायू असा आत येतो, असा अंदाज आहे.

पण थेट कृष्णविवरात नाही! केंद्रापासून काहीशे प्रकाशवर्षांवर अंतर्गत लिंडब्लाड अनुनादाचा प्रदेश लागतो, म्हणजे जिथे कक्षांची लय दांड्याच्या फिरण्याशी जुळते. तिथे दांड्याच्या दिशेने लांबलेल्या कक्षा मागे पडतात, दांड्याला आडव्या कक्षा सुरू होतात, आणि त्यांत वायू कडं करून साचतो. लोकल माणसांना ठाणे स्टेशनात आणून सोडते, पण पुढे स्टेशनाबाहेर सॅटिसच्या पुलाखाली रिक्षाची रांग असतेच, तसं. एनजीसी 1097 या दीर्घिकेतलं असं कडं सुमारे 5 हजार प्रकाशवर्षं रुंद आहे, नव्या ताऱ्यांनी झगमगतं. त्याच्या मधोमध 14 कोटी सूर्यांचं कृष्णविवर बसलं आहे. कड्यातून सुटून थोडाच वायू, ढगांच्या धडकांनी आणि ताऱ्यांच्या स्फोटांनी ढकलला जाऊन, आणखी आत पोचतो. आपलं कृष्णविवर तर सध्या जवळपास उपाशीच आहे.

मे महिन्याच्या शेवटी, मध्यरात्र उलटल्यावर, येऊरच्या बाजूला किंवा त्याहून बरं म्हणजे वांगणीकडे जाऊन दक्षिणेला पाहा. विंचवाची नांगी सापडली की हात लांब करून धरलेल्या मुठीपेक्षा थोडं कमी अंतर वर जा, किंचित डावीकडे. तेच आकाशगंगेचं केंद्र. अंधार चांगला असेल तर दुधाळ पट्ट्यात काळे डाग दिसतील. ते कृष्णविवर नव्हे. ती वाटेतली धूळ आहे, केंद्राचा दृश्य प्रकाश अडवणारी. म्हणूनच एस 2 ला धुळीतून पार होणाऱ्या अवरक्त किरणांत शोधावं लागलं.