कार्ड नाही म्हणून उपचार नाही? योजना वेगळी, हक्क वेगळा

काउंटरवर ‘आधी रेशन कार्ड आणा, मग बघू’ असं ऐकलं की नातेवाईक मुकाट घराकडे पळतात. पेशंट स्ट्रेचरवरच. इथे योजनेचा लाभ आणि उपचाराचा हक्क यांची सरळसरळ गल्लत होते, आणि ती रुग्णालयाच्या सोयीची असते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. पण ठरलेल्या आजारांना, अंगीकृत म्हणजे योजनेशी जोडलेल्या रुग्णालयांतच, आणि कागदपत्रं जुळली तर. सरकार उद्या ही यादी वाढवेल किंवा छाटेलही.

हक्काचं तसं नाही. राज्यघटनेचं कलम 21, म्हणजे जगण्याचा हक्क, नागरिक नसलेल्यालाही लागू होतं, मग कार्ड घरी राहिलेल्याची काय कथा! 1992 साली पश्चिम बंगालमधला एक शेतमजूर रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला. कोलकात्यात एकामागून एक सरकारी रुग्णालयं पालथी घातली. कुठे खाट रिकामी नाही, कुठे उपचाराची सोय नाही. अखेर खासगी रुग्णालयात सुमारे 17 हजार रुपये मोजून उपचार झाले. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला 25 हजारांची भरपाई दिली. सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असं बजावलं.

खासगीवाले यातून सुटतात का? पूर्ण नाही. परमानंद कटारा खटल्याच्या 1989 च्या निकालानुसार जखमीचा जीव वाचवणं हे सरकारी-खासगी प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे. एचआयव्हीबाधिताला उपचार नाकारायला 2017 च्या कायद्याने खासगी दवाखान्यालाही मनाई आहे. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना तर 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्याच लागतात. तातडीच्या रुग्णाकडे अनामत मागता येत नाही. तरी मागतात, हा भाग वेगळा.

तक्रारीच्या वाटाही निराळ्या. योजनेत अडलं तर आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णालयात बसणारा योजनेचा मदतनीस; खाटांसाठी धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय. सरकारी रुग्णालयाने हक्क डावलला तर राज्य मानवी हक्क आयोगाकडे जाता येतं, पण घटनेपासून वर्षाच्या आत. आयोग भरपाईची शिफारस करतो; ती बंधनकारक हुकूमनाम्यासारखी हवी असेल, तर उच्च न्यायालय गाठावं लागतं.