जीवोत्पत्ती व उत्क्रांतिवाद

निर्जीव द्रव्यापासून पहिला जीव कसा घडला, हा प्रश्न उत्क्रांतिवादात मोडतो की नाही याविषयीचा वाद. डार्विन यांच्या १८५९ च्या ग्रंथात जातींच्या उत्पत्तीचा विचार आहे. पहिल्या जीवाचा उगम त्यांनी विवेचनाबाहेर ठेवला. वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र हूकर यांना १८६३ मध्ये लिहिलेल्या पत्रात तूर्त हा विचारच व्यर्थ असल्याचे ते म्हणतात. त्यांनाच लिहिलेल्या १८७१ च्या पत्रात मात्र कोमट डबक्यात प्रथिनसदृश संयुग तयार झाले असेल, अशी कल्पना करतात.

मराठवाड्यात मृगाच्या पहिल्या सरीनंतर मखमली तांबडे मिरगाचे किडे बांधावर दिसू लागतात. काल कोरड्या असलेल्या ढेकळांतून ते निघताना पाहिले, की मातीच जिवंत झाल्यासारखी वाटते. जारज, अंडज, स्वेदज, उद्भिज या सजीवांच्या चार पारंपरिक खाणींपैकी स्वेदज (घामातून, ओलाव्यातून जन्मणारे) ही खाण अशाच निरीक्षणांवरून सुचली असावी. प्रत्यक्षात हा अष्टपाद जीव अंड्यातूनच येतो व वर्षाचा बराच काळ जमिनीत काढतो. सूक्ष्मजीवांच्या बाबतीतही स्वयंजनन (निर्जीव द्रव्यातून जीव आपोआप निपजणे) होत नाही, हे पाश्चर यांनी सु. १८६०–६२ मध्ये वाकड्या मानेच्या चंबूंनी दाखवले. त्यावरून जीवोत्पत्तीच अशक्य ठरवणे चूक आहे. त्यांनी तपासले ते उकळलेले काढे. आद्य पृथ्वीची परिस्थिती तेथे नव्हती.

वादाची खरी गाठ नैसर्गिक निवडीच्या अटींत आहे. प्रती निघाव्यात, त्यांत फरक पडावेत आणि ते फरक वारशाने पुढे जावेत, तरच निवड संभवते. म्हणून जनुकशास्त्रज्ञ डॉब्झान्स्की यांना ‘जीवपूर्व नैसर्गिक निवड’ हा शब्दप्रयोग वदतोव्याघात वाटला. पण जीवशास्त्रज्ञ स्पीगेलमन यांनी १९६७ मध्ये एका विषाणूचा आरएनए (आनुवंशिक माहिती वाहणारा रेणू) पेशीविना, परीक्षानळीत वाढवला. दरवेळी लवकर प्रत काढणारे रेणू पुढच्या नळीत जात. ७४ फेऱ्यांअखेर मूळ रेणूचा ८३ टक्के भाग गळाला होता. प्रत काढणारे विकर (रासायनिक क्रिया वेगाने घडवणारा पदार्थ, एन्झाइम) मात्र जिवाणूंतून घेतलेले होते, त्यामुळे हा दाखला निर्णायक नाही. चेक व ऑल्टमन यांनी आरएनए स्वतःच विकराचे काम करू शकतो हे दाखवल्यावर (नोबेल, १९८९) पेशीपूर्वीही निवड संभवते या बाजूला बळ आले. सीमा पेशीपाशी न आखता वारसाक्षम प्रत निघू लागते तेथे आखणे अधिक सयुक्तिक दिसते. ओपारिन (१९२४), हॉल्डेन (१९२९) व मिलर (१९५३) यांचे काम त्या सीमेअलीकडील रसायनाचे होय. ते अपुरे राहिले, तरी सजीवांच्या समान पूर्वजाचा पुरावा ढळत नाही.

पहिल्या जीवांच्या खुणा मात्र मराठवाड्याच्या खडकांत शोधून उपयोग नाही. मराठवाड्याचा बहुतेक भाग सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्टाने झाकलेला आहे. किल्लारीजवळ १९९३ च्या भूकंपानंतर घेतलेल्या विंधनविवरात त्याचा तळ सु. ३३८ मी. खोलीवर लागला. देगलूर–बिलोलीकडे उघडा दिसणारा ग्रॅनाइट-नाइस हा स्फटिकी खडक आर्ष काळातील (सु. २५० कोटी वर्षांहून जुना) मानतात, परंतु असा खडक जीवाश्म जपत नाही. मांजरेच्या गाळात हत्तींचे जीवाश्म मिळाले आहेत. ते प्लाइस्टोसीन काळातील (गेल्या सु. २६ लाख वर्षांतील), म्हणजे या प्रश्नाच्या दृष्टीने अगदी अलीकडचे. सु. ३४८ कोटी वर्षांपूर्वीचे, बहुमान्य जीवचिन्हांचे थर पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिलबरा भागात आहेत.